कासवाच्या शेपटीचे चार दगड

कॅनडाहून परत आलेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो, धबधबा पाहिला का. पाहिला. निळा प्लास्टिकचा रेनकोट घालूनही भिजले, फोटो काढले, आणि ज्यांना ते बघायचेत त्यांनी घरी यावं, चहा करीन. इथे जे लिहितेय त्याचा मात्र एकही फोटो माझ्याकडे नाही. ते कोणालाही सांगू नये असंच आधी ठरवलं होतं. न सांगण्याचा परिणाम काय होतो ते एकदा बघितलंय, म्हणून लिहायला बसले.

मी नाशिकच्या एका शाळेत अठ्ठावीस वर्षं इतिहास शिकवला. पाचवीचं अश्मयुग माझ्याकडेच असायचं. पुराश्मयुग, मध्याश्मयुग, नवाश्मयुग हे शब्द फळ्यावर लिहिताना माझा खडू कधी अडखळला नाही. मुलं पाठीमागे मला दगडबाई म्हणायची. मला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

विनिपेग

माझी मुलगी केतकी विनिपेगला विमा कंपनीत नोकरी करते. जावई निखिल त्या महिन्यात ऑफिसच्या कामासाठी ओटावाला होता. ते राहतात एका घराच्या बेसमेंटमध्ये, भाड्याने. खिडकी छताला लागून, तिच्यातून बाहेरचं गवत दिसतं आणि मालकाच्या कुत्र्याचे पाय. मी पहिल्याच दिवशी म्हणाले, "अगं, ही तर गुहाच की. आदिमानव बरा, त्याला दार तरी होतं." केतकी हसली नाही. मग कळलं, तीन घरांवर त्यांनी ऑफर टाकली होती आणि तिन्ही घरं हातची गेली होती. तिसऱ्यात तर इराची खोलीसुद्धा ठरून झाली होती.

इरा म्हणजे माझी नात, नऊ वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. तिला मी माझ्या डब्याची गोष्ट सांगितली. आमच्या नाशिकला गंगापूरच्या बाजूला गोदावरीच्या काठी पावसाळा सरला की मातीतून गारगोटीची चिमुकली पाती वर येतात. नखाएवढी, काचेसारखी धारदार, हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी बसून घडवलेली. वर्गाची सहल नेली की मी ती मुलांना वेचायला लावायची आणि त्यातली उत्तम ती स्वतःकडे ठेवायची. स्टीलच्या चपट्या डब्यात, कापसावर.

"हा डबा तुलाच देणार आहे मी," मी इराला म्हणाले.

"इज इट युअर्स?" तिने विचारलं.

"मग कोणाचा? मीच नाही का गोळा केला."

शनिवार, खडकावर

विनिपेगच्या पूर्वेला दीड-दोन तास गाडीने गेलं की सपाट शेतं संपतात आणि व्हाइटशेलचं जंगल लागतं. पाईन, भूर्ज आणि मधूनच तळी. त्या जंगलात उघड्या खडकाचे मोठाले सपाट कातळ आहेत आणि कातळांवर दगड मांडून केलेल्या आकृत्या. कासव, साप, माणूस. कोरलेल्या नाहीत, रंगवलेल्या नाहीत, नुसते हाताएवढे, डोक्याएवढे दगड एकाशेजारी एक ठेवलेले. चुना नाही की माती नाही. कधी मांडले याचं नक्की उत्तर कोणाकडे नाही. केतकीने मुद्दाम माझ्यासाठी ही सहल ठरवली होती. "आई, तुझा सब्जेक्ट आहे," म्हणाली.

दाखवायला होत्या डोरीन. साठीच्या, बुटक्या, डोक्यावर कॅप. अनिशिनाबे लोकांपैकी, म्हणजे ज्यांच्या पूर्वजांनी हे दगड मांडले त्यांच्यातल्या. आम्ही दहा-बारा जण होतो. त्यांनी पहिल्यांदा सगळ्यांना पँट मोज्यांत खोचायला लावली, कारण गवतात गोचीड असतात. माझी सलवार मोज्यात काही केल्या बसेना, तेव्हा डोरीन स्वतः खाली वाकल्या आणि नीट खोचून दिली. वर म्हणाल्या, "आता तुम्ही फुटबॉल खेळू शकता." मला त्या तिथेच आवडल्या.

वाटेवर झाडांना रंगीत कापडाच्या पट्ट्या बांधल्या होत्या. लाल, पिवळ्या, काही उन्हाने विटलेल्या. काहींच्या गाठीत चिमूटभर तंबाखू. हे अर्पण आहे, प्रार्थनेबरोबर ठेवतात, असं केतकीने समजावलं. झालं, माझी गाडी सुटली. प्रवासात आपल्याला एक खोड असते, जे दिसेल ते घरच्या कशाशी तरी जुळवून बघायची. मी इराला बाजूला घेतलं आणि मराठीत सुरू केलं. हे बघ, आपल्याकडे नवसाला झाडाला कापड बांधतात की नाही, अगदी तसंच. आपण विडा ठेवतो, हे तंबाखू ठेवतात. माणूस इथून तिथून सारखाच. मग तिथून अश्मयुग, अश्मयुगातून भीमबेटका. त्या वेळी समोर डोरीन सगळ्यांना काहीतरी सांगत होत्या, हात वर करून, सावकाश. माझं तिकडे लक्ष नव्हतं. वर्गात बाई शिकवत असताना मागच्या बाकावर गप्पा मारणाऱ्याला मी उभं करत असे. इथे मागचा बाक माझा होता.

कातळावर पोचल्यावर मी हात वर केला आणि इंग्रजीत विचारलं, "इथले प्रिमिटिव्ह लोक नेमके कोणत्या काळातले?"

डोरीननी डोक्यावरची कॅप सारखी केली. "मला माझी आजी इथे आणायची," त्या म्हणाल्या. "ती पिकअप चालवायची. फार जोरात चालवायची."

सगळे हसले, मीही हसले. आपल्या प्रश्नाचं उत्तर मिळालंय हे रात्रीपर्यंत माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

मग सगळे सापाकडे निघाले. माझे गुडघे कुरकुरत होते, म्हणून मी एका लहान कासवापाशी बसून राहिले. कासव म्हणजे पाठीचा गोल, चार पाय, डोकं आणि शेपटी. ऊन कोवळं होतं, खडक उबदार लागत होता, डास सोडले तर आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. खूप दिवसांनी देवाच्या डोंगरावर बसल्यासारखं वाटलं. आणि तिथेच घोळ झाला.

आमच्याकडे वणीच्या गडावर गेलं की लोक वाटेच्या कडेला दगडावर दगड रचतात. दोन उभे, वर एक आडवा. देवीकडे घर मागायची ती रीत. नाशिकचा फ्लॅट होण्याआधी मीही रचले होते, आणि पुढे फ्लॅट झाला. त्या क्षणी मला केतकीची गुहा आठवली, खिडकीतले कुत्र्याचे पाय आठवले. शेपटीकडचे दगड सुटे दिसत होते. मी त्यातले तीन उचलले. दोन उभे केले, सगळ्यात जड तो दोन्ही हातांनी वर ठेवला, हात जोडले आणि म्हणाले, माझ्या लेकीला तिचं घर मिळू दे.

चौथा दगड लहान होता, चपटा, तांबूस. तो पर्समध्ये टाकला. का, ते विचारू नका. हात सरावलेला होता.

मागे वळले तर इरा उभी. मला बोलवायला आली होती.

"आजी, व्हॉट आर यू डूइंग?"

"तुझ्या आईसाठी घर मागतेय. चल."

ती दगडांकडे बघत राहिली.

परत येताना डोरीन त्या कासवापाशी थांबल्या. माझं तीन दगडांचं घर कातळाच्या मधोमध उभं होतं, बाहुलीच्या खेळातल्यासारखं. डोरीननी आवाज चढवला नाही, नुसतं विचारलं, "हे कोणी केलं?"

मला एवढंच म्हणायचं होतं, मी. इंग्रजीत तर ते अक्षर एकच आहे. पण मी खाली वाकून बुटाची नाडी बघायला लागले. ती सुटलेली नव्हती.

"इट वॉज मी," इरा म्हणाली.

केतकीचा चेहरा लाल झाला. सगळ्यांदेखत तिने इराला झापलं. आत्ताच काय सांगितलं होतं, काही हलवायचं नाही, काही उचलायचं नाही, तुला कान नाहीत का. ते वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. इरा मान खाली घालून उभी. आणि मी काय केलं सांगू? मी पुढे झाले, इराच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे गं केतकी, लहान आहे ती."

या वाक्याची मला आजही इतकी लाज वाटते की एकटी असताना आठवलं तरी मी मोठ्याने काहीतरी बोलते, भांडी आपटते.

डोरीन इराच्या समोर उकिडव्या बसल्या. हे खेळणं नाही, एवढंच त्यांनी शांतपणे सांगितलं. मग सगळ्यांना म्हणाल्या, आता कोणी हात लावू नका, हे नीट विचारून परत ठेवावं लागेल. निघताना त्यांनी सर्वांना बॅनक दिला. तव्यावर तळलेला जाड पाव, बाहेरून खरपूस, आतून मऊ, वर ब्लूबेरीचा मुरंबा. आपल्या बालुशाहीचा साखर न खाल्लेला भाऊ. मलाही दिला, दोन्ही हातांनी. मी तो गाडीत बसून खाल्ला, शेवटच्या घासापर्यंत.

तो आठवडा

शिक्षा अशी ठरली की पुढच्या शुक्रवारी इराने मैत्रिणीकडे राहायला जायचं नाही. त्या स्लीपओव्हरसाठी ती महिनाभर दिवस मोजत होती. मला वाटलं, उद्या सांगू. रविवारी निखिलचा ओटावाहून फोन आला, तेव्हा नको वाटलं. सोमवारी केतकी दमून आली होती. मंगळवारी तिला आणखी एक घर बघायला जायचं होतं. कारणं किती शिस्तीत रांगेने येतात, मीच थक्क झाले.

बुधवारी इरा शाळेच्या समर कॅम्पहून आली, तेव्हा मी तिला जवळ घेऊन विचारलं, "तू का गं बोललीस तसं?"

"यू लुक्ड सो स्केअर्ड, आजी," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने मराठीत, मला नीट कळावं म्हणून, "तू घाबरलेली."

एवढं ऐकूनही मी शुक्रवार जाऊ दिला. हे लिहायलाच हवं. शुक्रवारी संध्याकाळी इरा जमिनीवर पालथी पडून चित्र काढत बसली होती. कासव होतं. त्याला शेपटी नव्हती.

शनिवारी सकाळी केतकी चहा करत होती, तिथे जाऊन मी एका दमात सगळं सांगितलं. म्हणजे जवळजवळ सगळं, पर्समधल्या दगडाचं नाही. केतकीने शेगडी बंद केली.

"आई," ती म्हणाली, "तू शाळेत यासाठी मुलांना दिवसभर बाकावर उभं करायचीस. मलाही केलं होतंस. सहावीत."

"हो."

"मी तिला सगळ्यांसमोर काय काय बोलले."

"हो."

"तू ऐकत होतीस."

ती इराच्या खोलीत गेली. आतून आधी केतकीच्या रडण्याचा आवाज आला, मग इराचा, समजूत काढणारा. मी ओट्यापाशी उभीच राहिले, चहा तसाच गार झाला. तासाभराने केतकी बाहेर आली आणि डोरीनना फोन लावून माझ्या हातात दिला. मी एवढंच म्हणाले, उद्या येऊन तुमच्याशी बोलायचंय.

रविवार, पुन्हा खडकावर

या वेळी आम्ही तिघीच होतो, आणि सलवार मी घरूनच मोज्यात खोचून आले होते. डोरीन वाटेच्या तोंडाशी उभ्या होत्या. मी रात्री पाठ केलेली इंग्रजी वाक्यं म्हणायला लागले, देअर वॉज अ मिस्टेक वगैरे. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "वरचा दगड त्या पोरीला उचलवणारच नाही. मी विचारलं तेव्हा तुमच्याकडेच बघत होते."

मी बुटाच्या नाडीकडे बघत असताना त्या माझ्याकडे बघत होत्या. आणि तरीही मला दोन्ही हातांनी बॅनक दिला होता. मी म्हणाले, "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही बोलाल असं वाटलं. तुम्ही टीचर आहात ना."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

कासवापाशी माझं तीन दगडांचं घर अजून तसंच उभं होतं. तिथे आल्यावर डोरीननी माझ्या डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू ठेवला. आधी सांगा, मग विचारा, मग हात लावा, असं म्हणाल्या. कोणत्या भाषेत, मी विचारलं. तुमच्या, त्या म्हणाल्या. मग मी त्या कातळावर उभी राहून मराठीत मोठ्याने बोलले. मी शैला देवरे. मी तुमचे दगड हलवले. विचारलं नाही. माझ्या नातीवर ढकललं. तंबाखू खाली ठेवताना थोडा वाऱ्यावर गेला.

दगड कुठे होते हे मला आठवत नव्हतं. अठ्ठावीस वर्षं इतिहास शिकवलेल्या बाईला आठ दिवसांपूर्वीचं आठवत नव्हतं. डोरीननी बोटाने दाखवलं. कातळावर सगळीकडे दगडफूल वाढलेलं होतं, आपण मसाल्यात घालतो त्याच जातीचं काहीतरी, करडं, हिरवट, चिवट. ते अगदी सावकाश वाढतं. जिथे दगड टेकलेला असतो तिथे मात्र ते उगवत नाही, तेवढा खडक फिकट, कोरा राहतो. प्रत्येक दगडाने स्वतःच्या आकाराची जागा खाली राखून ठेवली होती.

इरा आणि मी एकेक दगड त्या फिकट जागेवर फिरवून फिरवून बसवला. नीट बसला की कळायचं, डुगडुगणं थांबायचं. पहिला बसला. दुसरा बसला. तिसऱ्याला केतकीने हात लावला. त्या दिवशी ती माझ्याशी पहिल्यांदा तेव्हा बोलली, "आई, सरक जरा."

शेपटीच्या टोकाला एक लहान फिकट जागा उरली.

"वन इज मिसिंग," इरा म्हणाली आणि आजूबाजूला शोधायला लागली. डोरीन शोधत नव्हत्या. केतकीही गवतात वाकून बघायला लागली. मी पर्स उघडली. कुंकवाची डबी, गुडघ्याच्या गोळ्या, आणि त्यांच्याखाली तो तांबूस दगड. तो बाहेर काढला तेव्हा केतकी जे बघत होती ते तिच्या आईकडे बघणं नव्हतं. शाळेत एखाद्या मुलाच्या दप्तरात दुसऱ्याचं पेन सापडलं की मी त्याच्याकडे तसं बघायची.

दगड मी इराच्या हातात द्यायला गेले. तिने घेतला नाही.

"यू डू इट, आजी," ती म्हणाली. "तू."

मी गुडघे टेकून तो बसवला.

जाताना बॅनक मिळाला. डोरीननी तो इराला दिला आणि इराने अर्धा मोडून मला.

नाशिक

केतकीला घर अजून मिळालेलं नाही. मी परत आले, सामान लावलं, शेजारणींना मेपलच्या पाकाच्या बाटल्या वाटल्या. आठ दिवसांनी व्हिडिओ कॉलवर इराने विचारलं, "आजी, तुझा बॉक्स? डिड यू पुट देम बॅक?"

मी म्हणाले, ते वेगळं आहे बाळा. ती स्क्रीनमधून बघत राहिली. मग मीच म्हणाले, बरं.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन रिक्षाने गंगापूरच्या बाजूला गेले. ज्या काठावर आम्ही सहलीला जायचो तो मला सापडेना. रिक्षावाल्याला दोनदा मागे फिरवलं. मग वडाच्या झाडावरून जागा ओळखली. झाड कुंपणाच्या आत होतं. आत तीन उंच इमारती, गच्चीवर वाळत घातलेले कपडे, खाली मुलांचे झोके. जिथे पाती सापडायची तिथे पेव्हर ब्लॉक बसवून पार्किंग केलं होतं. कुठे फिकट जागा उरली नव्हती. इतकी घरं, मला वाटलं, आणि माझ्या लेकीला एक मिळेना.

फाटकावरचा वॉचमन खुर्चीवरून उठला. "कोणाकडे जायचंय, मावशी? डबा द्यायचा असेल तर फ्लॅट नंबर सांगा, मी पोचवतो."

"फ्लॅटमध्ये नाही द्यायचा," मी म्हणाले. "इथल्या जमिनीतले दगड आहेत. फार जुने. इथून नेले होते, ते परत आणलेत."

त्याने झाकण उघडून बघितलं. कापसावर पाती चमकत होती. त्याला काय वाटलं कोण जाणे, पण तो हसला नाही. डबा दोन्ही हातांनी धरून त्याने विचारलं, "कोणी नेले होते?"

"मी," म्हणाले. "मीच."